नारळ ठेवला आहे, कळावे

आमच्या कचेरीत वार्ताहराला नाव नसतं, गाव असतं. ‘दोडामार्गाने फोटो पाठवला का?’, ‘खारेपाटण आज गप्प कसं?’, ‘कसालला सांगा, बातमी लांबली’ असंच सगळं चालतं. कुडाळला एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर मी वीसेक वर्षं बसते आहे, आणि यातल्या निम्म्या माणसांची खरी नावं मला आजही आठवावी लागतात. म्हणून इथे कुणाचं नाव नाही. लिहायचं आहे ते कसालबद्दल, म्हणजे कसाल गावाबद्दल नव्हे, आमच्या कसालबद्दल.

कसाल माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. थोडी भातशेती, थोडे काजू, एक जुनी स्कूटर आणि कुणाचंही न ऐकायची खोड. बोलायला बसला की अस्सल मालवणी, आणि बातमी लिहायला बसला की एकदम तलाठ्यासारखा. ‘सदरहू इसमाने सदरहू ठिकाणी’ वगैरे. मी ते सगळं खोडायचे आणि तो दुसऱ्या दिवशी फोन करून भांडायचा. मला ‘बाय’ म्हणायचा. मी त्याला ‘अहो कसाल’ म्हणायचे. एवढ्या वर्षांत आमच्यात भांडणाशिवाय फारसं काही झालं नाही, आणि माझा त्या माणसावर जीव होता हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक संस्था आली. छोट्या गावांतल्या पत्रकारांच्या सुरक्षेसाठी त्यांनी फोनवरचं एक यंत्र बनवलं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेचं. आपल्याला येणारा प्रत्येक निरोप ते वाचणार, कोणत्या नंबरावरून आला, आधी काय लिहिलं होतं हे ताडून बघणार आणि रंग दाखवणार. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे संशय, हिरवा म्हणजे काही नाही. बाहेर पडताना कुठे चाललो ते सांगून ठेवलं तर ठरल्या वेळी ते ‘पोचलात का?’ असं विचारणार, आणि उत्तर आलं नाही तर आपण दिलेल्या एका माणसाला फोन लावणार. त्या माणसाला ते ‘विश्वासू व्यक्ती’ म्हणत. कसालने बायकोचा नंबर दिला नाही, ती घाबरते म्हणून. माझा दिला.

शिकवायला आलेली मुलगी फार चांगली होती. तिने हॉलमध्ये सगळ्यांना विचारलं, तुमच्याकडे धमकी कशी देतात? शेवटी खारेपाटण उभा राहून म्हणाला की आमच्याकडे धमकी देत नाहीत, चहाला बोलावतात. सगळे हसले. तिने तेही वहीत लिहून घेतलं.

अडचण एवढीच होती की यंत्राला मालवणी येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात कसालच्या एका मित्राने त्याला लिहिलं, ‘मेल्या, खंय मेलंस? तंगडा मोडून हातात देतलंय, चाय पिवक ये.’ झालं, फोन लालभडक. माझा फोन वाजला, तुमचे सहकारी धोक्यात आहेत म्हणून. मी घाबरून त्याला फोन केला तर तो त्याच मित्राबरोबर भजी खात बसलेला. आमच्याकडे प्रेमाने बोलणारा माणूस शिव्या देतो आणि जिवावर उठलेला माणूस ‘सप्रेम नमस्कार’ लिहितो, हे त्या यंत्राला कोण सांगणार?

मी सांगणार, असं ठरलं. संस्थेने आमच्याकडून शेकडो वाक्यं गोळा केली, लोकांना आलेले निरोप, फोनवरची बोलणी, ऐकीव गोष्टी, आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करायचं काम माझ्याकडे आलं. धोका, संशय, धोका नाही. खाली एक चौकट, कारण लिहायला. मी हे काम फार हौसेने घेतलं. माझे बाबा शाळामास्तर. आमचं सगळं गाव मालवणी बोलणारं, पण घरात मालवणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. ‘माका’ म्हटलं की ते ऐकूच आलं नाही असं करायचे, ‘मला’ म्हणेपर्यंत पाणीसुद्धा मिळायचं नाही. त्या भाषेसाठी आता पुण्याची माणसं माझ्याकडे येत होती. मी रोज जेवणाच्या सुट्टीत दहा-वीस वाक्यं करायचे. ‘हाडां मोडतंय’ला धोका नाही. ‘जरा सांभाळून रवा’ला धोका. ‘तुमच्या चेडवाची शाळा बरी आसा मां?’ला, म्हणजे मुलीच्या शाळेची चौकशी करणाऱ्या वाक्याला, मी तीनदा विचार करून धोका लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले.

मग एके दुपारी ते वाक्य आलं. ‘तुज्या नावाचो नारळ ठेवलो आसा.’

बाहेरच्या माणसाला यात काहीच दिसायचं नाही. आमच्याकडे एखाद्याशी वैर झालं की गावच्या देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावासमोर मोठ्याने देवाला सांगणं की ह्या माणसाचं तू बघ. मानकरी एकेक ओळ म्हणतो आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. हे एकदा झालं की त्या माणसाचं पुढे जे काही होईल ते देवाच्या नावावर जातं. त्याची गाय मेली, देवाने केलं. कुणी त्याचं कुंपण उपटलं, देवानेच. कुणाला काही दिसत नाही, कुणी काही विचारत नाही. लहानपणी शाळेच्या जागेवरून आमच्या बाबांच्या नावाचा नारळ ठेवला होता. बाबांनी हसण्यावारी नेलं. पण त्या वर्षी आमच्या विहिरीत कुणीतरी रॉकेल ओतलं आणि चार घरं सोडून राहणाऱ्या माणसाने बाबांकडे बघत सांगितलं, देवाची करणी. मी आठ वर्षांची होते. तो वास मला अजून येतो.

म्हणजे मला पक्कं माहीत होतं. मी चौकटीत लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या आणि वाचून बघितल्या. प्रमाण मराठीत, स्वच्छ टंकलेल्या त्या ओळी वाचून मला लाज वाटली. ती चांगली मुलगी हे वाचणार, तिच्या कचेरीत चार जणांना दाखवणार, आणि कोकणातली शिकलेली माणसंसुद्धा नारळाला घाबरतात म्हणून हसणार. हसली नसती बहुतेक. पण मला ते हसू ऐकू आलं, आणि त्यामागे बाबांचंही. मी चारही ओळी पुसल्या, लिहिलं ‘स्थानिक धार्मिक प्रथा’ आणि खूण केली, धोका नाही. मग डबा उघडला.

यंत्र शिकलं. हे मला नाकारता येणार नाही, ते फार चांगलं शिकलं. पावसाळ्याआधी कुणीतरी जाहिरात द्यायची म्हणून कसालला रोज वेगळ्या नावाने लिहायचा, आज कुठे भेटाल, उद्या कुठल्या रस्त्याने याल असं विचारत. कसालला काही वावगं वाटलं नव्हतं. यंत्राने लाल दाखवलं, सगळ्या नावांमागे माणूस एकच आहे म्हणून. तो भेटायला गेला नाही. नंतर कळलं की ठरलेल्या जागी तीन जण मोटारसायकली लावून दोन तास थांबले होते. त्या दिवसापासून कसाल भेटेल त्याला सांगत सुटला की आपला यंत्र देवमाणूस आसा. मी म्हटलं, देवही नाही आणि माणूसही नाही. तो म्हणाला, मग तर जास्तीच बरा.

त्या वर्षी तो चिरेखाणींवर लिहीत होता. कसालपासून आत एका गावात जांभा दगड काढून काढून खाणी विहिरीसारख्या खोल गेल्या होत्या, कुंपण नाही, आणि शाळेत जायची पायवाट एका खाणीच्या अगदी काठावर आली होती. परवानगी किती जागेची आणि खणलंय किती, हे त्याने कागद काढून लिहिलं. खाणवाला गावातलाच, देवळातही मानाचा. गावातले निम्मे डंपर त्याच्यामुळे चालत. पहिल्या बातमीनंतर कसालला चहाचं बोलावणं आलं. दुसरीनंतर ‘जरा सांभाळून’ आलं. दोन्हींना यंत्राने पिवळा रंग दाखवला आणि कसाल खूश झाला, बघ कसा कळता म्हणून.

तिसऱ्या बातमीनंतरचा निरोप मी आजही पाठ म्हणू शकते. ‘सप्रेम नमस्कार. आपल्या नावे देवाकडे नारळ ठेवला आहे. कळावे.’ शेवटी हात जोडलेले आणि एक कमळ.

यंत्राने हिरवा दाखवला. धार्मिक स्वरूपाचा निरोप, धोका नाही.

दुपारी त्याचा फोन आला. मी तालुक्याचं पान लावत होते. तो नेहमीसारखा भांडायच्या सुरात नव्हता. म्हणाला, “बाय, नारळ म्हणजे काय ता माका म्हायत आसा. पण ह्यो हिरवो दाखयता. शिकलेल्या लोकांनी केलेला आसा, तेंका आमच्यापरास जास्ती कळात. व्हय मां?”

त्या क्षणी मला सगळं आठवलं. पुसलेल्या चार ओळी, डबा, सगळं. मी सांगू शकले असते की त्या हिरव्यामागे पुण्याचं कुणी नाही, मी आहे, आणि मला लाज वाटली होती एवढंच. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, “हिरवा दाखवतंय ना? मग झालं.” आणि वर विचारलं की चौथी बातमी कधी देताय, पान मोकळं ठेवते.

दोन दिवसांनी तो पायवाटेचा फोटो काढायला गेला. भर दुपार. निघताना यंत्राला सांगून गेला. परत यायच्या वेळेला यंत्राने ‘पोचलात का?’ विचारलं, दोनदा विचारलं, आणि मग माझा फोन वाजला. तेवढं मात्र त्याने चोख केलं. मी कसालच्या नाक्यावरच्या टेम्पोवाल्याला पाठवलं. तो त्याला चरातून उचलून घेऊन आला. डंपरने मागून ढकललं होतं. उजवा गुडघा पार गेला होता. चरापासून पन्नास पावलांवर एक टपरी होती, तिथे माणसं चहा पीत बसलेली होती, आणि कुणी उठलं नव्हतं. टेम्पोवाल्याने विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, “देवान दाखवल्यान.”

मी पोलिसांकडे गेले. मला वाटलं, आपल्याकडे पुरावा आहे. निरोप होता, नंबर होता, आणि यंत्रातून सगळ्या निरोपांचा छापील अहवाल काढता येतो, तो मी शिक्क्यासारखा जपून नेला होता. समोरच्या हवालदाराने निरोप दोनदा वाचला आणि अगदी आदराने विचारलं की ताई, यात धमकी कुठे आहे, माणसाने देवाचं नाव घेतलंय. मी नारळाबद्दल सांगू लागले. तो ह्याच जिल्ह्यातला. मी काय सांगते आहे हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं, आणि आम्ही दोघं प्रमाण मराठीत बोलत होतो. त्याने माझ्याच अहवालावर बोट ठेवलं. त्या ओळीपुढे हिरव्यात छापलं होतं, धोका नाही.

“तुमचं यंत्रच सांगतंय की,” तो म्हणाला.

स्कूटर घसरून अपघात, असं लिहिलं गेलं. मी सही केली.

त्या संध्याकाळी मी संस्थेला लांबलचक पत्र लिहून चूक कबूल केली आणि ती खूण बदलायला सांगितलं. चांगल्या मुलीचं उत्तर लगेच आलं. ती मनापासून हळहळली होती, माझ्यावर जराही चिडली नव्हती, आणि स्थानिक ज्ञान किती मोलाचं असतं असं काहीतरी तिने लिहिलं होतं. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आठवड्याभरात यंत्राला नारळ लाल दिसू लागला, आणि तो इतका लाल दिसू लागला की जत्रांचा हंगाम सुरू झाल्यावर सगळ्यांचे फोन पेटले. दोडामार्गाने चिडून फोन केला की मेव्हण्याच्या पूजेचं आमंत्रण लाल येतंय, ही काय थट्टा आहे. एकेकाने यंत्र काढून टाकलं. कसालने काढलं नाही. तो अंथरुणावर होता, त्याला फोनमध्ये काय आहे ह्याची शुद्ध नव्हती.

महिन्याभराने मी त्याच्याकडे गेले. पडवीत खाटेवर बसला होता, पाय समोर लांब करून. बायको मला पाणी देऊन आत गेली, माझ्याकडे न बघता. मी त्याला सगळं सांगितलं. शेकडो वाक्यं, ते वाक्य, पुसलेल्या ओळी, लाज, आणि त्याचा फोन आला तेव्हा मला आठवत होतं हेही. मी काही राखून ठेवलं नाही. रडलेही.

त्याने पायावरची चादर नीट केली. ‘जावंदे’ म्हणेल असं मला वाटत होतं. तो शब्द त्याच्या तोंडात सतत असायचा. तो म्हणाला नाही. मग अगदी हळू बोलला, “बाय, मानसान केल्यान म्हटलंय तर ह्या लोकांच्या तोंडाक तोंड कसा लावू? देवान केल्यान म्हटलंय तर सगळे माका बघूक येतत. काल तो सुद्धा इल्लो. केळी घेवन. माका हयसर, ह्याच लोकांत रवाचा आसा.”

‘तो’ म्हणजे खाणवाला. केळ्यांचा घड कोपऱ्यात टांगलेला होता.

मी म्हटलं, पण तुम्हाला माहीत आहे ना कुणी केलं? त्याने बायकोला हाक मारून माझ्यासाठी दोन केळी काढायला सांगितली. बातम्या लिहायचं त्याने सोडलं आहे, हे मला संपादकांकडून दुसऱ्या दिवशी कळलं. कसालला नवा माणूस नेमला. तो मजकूर वेळेवर पाठवतो, ‘सदरहू’ लिहीत नाही आणि खाणींवरही लिहीत नाही. मला त्याचं काहीच खोडावं लागत नाही.

पौषात कसालने निरोप पाठवला की देवाकडे जायचं आहे, पायाने चालवत नाही, तू येशील का. दुसरं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. रिक्षा घेऊन गेले. खाणीच्याच गावचं देऊळ. चुकीची माफी मागायचा नारळ ठेवायचा होता. चूक कसली ते कुणी बोललं नाही.

सभामंडपात पन्नासेक माणसं होती. कसालला उभं राहता येईना तेव्हा खाणवाल्याने पुढे होऊन त्याचा एक दंड धरला. दुसरा माझ्या हातात होता. तिघं तसेच उभे राहिलो. खाणवाला मला म्हणाला, “ताई, दमला असाल, बसा हवं तर.” मी नको म्हटलं. मानकऱ्याने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आज ह्यो तुजो लेकरू तुज्या पायाकडे इलो आसा, काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, रे म्हाराजा. आणि पन्नास माणसं एका आवाजात म्हणाली, व्हय म्हाराजा. कसाल म्हणाला. माझ्या तोंडूनही आलं. मी ठरवून म्हटलं नाही, पण म्हटलं, आणि मालवणीत म्हटलं.

बाहेर येऊन त्याला पायरीवर बसवलं. खाणवाला जरा लांब जाऊन फोनवर काहीतरी लिहीत होता. कसालच्या खिशात टुणकन वाजलं. त्याने फोन काढून वाचला आणि माझ्यापुढे धरला. तोच जुना नंबर. ‘सप्रेम नमस्कार. आपला नारळ देवाने मान्य केला आहे. कळावे.’ हात जोडलेले, एक कमळ. पडदा काठापासून काठापर्यंत लाल झाला होता.

लगेच माझ्या पर्समध्ये फोन वाजू लागला. मला माहीत होतं कोण आहे. उचलला. बाईचा आवाज, स्वच्छ प्रमाण मराठी. आपले सहकारी गंभीर धोक्यात असण्याची शक्यता आहे. मदत पाठवायची असल्यास एक दाबा. ते सुरक्षित असल्यास दोन दाबा.

कसाल माझ्याकडे बघत होता. त्याने मान हलवली, नको म्हणून, अगदी थोडी. वीस पावलांवर खाणवालाही फोन खिशात घालून आमच्याकडे बघत होता, हसऱ्या चेहऱ्याने.

मी दोन दाबलं.